कोरोना पोटातही शिरतो

खोकला नाही, घसा दुखत नाही, नाक मोकळं. फक्त सकाळपासून चार-पाच वेळा पातळ शौचाला झालं, अंग मोडून आलंय आणि जेवणाचं नाव काढलं तरी मळमळतंय. अशा वेळी ‘काल बाहेरचं खाल्लं ते बाधलं’ हाच विचार आधी येतो आणि बहुतेकदा तो बरोबरच असतो. पण घरात किंवा ऑफिसात कुणी सर्दी-तापाने पडलेलं असेल, तर याच तक्रारींमागे कोरोना असू शकतो. काही जणांमध्ये जुलाब-उलट्या आधी सुरू होतात आणि ताप-खोकला एक-दोन दिवसांनी येतो. थोड्या जणांना तर पोटाच्या तक्रारींपलीकडे काहीच होत नाही.

हे पहिल्यापासून दिसत होतं. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात त्या देशातला पहिला रुग्ण सापडला. वुहानहून परतलेला ३५ वर्षांचा माणूस. तो ताप-खोकल्यासाठी आला, पण दोन दिवसांपासून मळमळ आणि उलट्याही होत असल्याचं त्याने सांगितलं. दाखल झाल्यावर जुलाब सुरू झाले आणि त्याच्या शौचाच्या नमुन्यातही विषाणूचा अंश मिळाला. तरीही सुरुवातीच्या काळात सगळं लक्ष फुप्फुसांकडेच राहिलं. चीनमधल्या १,०९९ रुग्णांच्या गाजलेल्या अभ्यासात जुलाबाची नोंद फक्त ३.८ टक्के रुग्णांत होती. काही महिन्यांनी ६० अभ्यासांमधल्या ४,२४३ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा पोटाची काही ना काही तक्रार असणाऱ्यांचं प्रमाण १७.६ टक्के निघालं. दोन आकड्यांत मोजलेल्या तक्रारी सारख्या नाहीत हे खरं. पण जीव घाबरा झालेल्या माणसाला ‘शौचाला कसं होतंय’ हे कुणी विचारलं नाही, तर तो आपणहून सांगत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

विषाणू आतड्यात कसा पोचतो? त्याला पेशीत शिरायला एसीई-२ नावाचं प्रथिन लागतं. हे प्रथिन फुप्फुसांत असतंच, पण लहान आतड्याच्या अस्तरावर ते भरपूर असतं. तिथे त्याचं मूळ काम वेगळंच आहे : अन्नातली काही अमिनो आम्लं शोषून घ्यायला मदत करणं. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्येच प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या ऊतींत हा विषाणू सोडून पाहिला, तर तो त्या पेशींत शिरून वाढला. अस्तराला सूज आली की पाणी आणि क्षार नीट शोषले जात नाहीत आणि शौच पातळ होतं. त्यात ताप, तोंडाची गेलेली चव, औषधं आणि काळजी यांची भर पडते. कोरोनाचे जुलाब सहसा पाण्यासारखे, बेताचे असतात आणि थोड्या दिवसांत आपोआप थांबतात. त्यात सहसा रक्त पडत नाही. रक्त किंवा आव पडत असेल, तर कारण बहुधा दुसरं आहे असं धरून तपासणी करून घ्यावी.

संडास, मोरी आणि शेजारी

शौचात विषाणू सापडतो म्हटल्यावर लोक घाबरतात. ६० अभ्यासांच्या त्याच एकत्रित माहितीत जवळपास निम्म्या रुग्णांच्या शौचात विषाणूचा जनुकीय अंश आढळला होता आणि काहींमध्ये घशाची तपासणी निगेटिव्ह आल्यावरही तो मिळत होता. पण अंश सापडणं म्हणजे जिवंत, लागण करू शकणारा विषाणू सापडणं नव्हे. जिवंत विषाणू शौचातून वेगळा करता आला, तो फार थोड्या वेळा. कोरोना मुख्यतः श्वासातून, हवेतून पसरतो. जेवणातून किंवा पाण्यातून तो पसरतो याला भक्कम पुरावा नाही.

पण म्हणून बेफिकीरही राहू नये. २००३ मध्ये याच कुळातल्या सार्स विषाणूने हाँगकाँगच्या ‘अमॉय गार्डन्स’ या वसाहतीत ३०० हून अधिक रहिवाशांना गाठलं. जुलाब होत असलेला एक रुग्ण तिथे राहून गेला होता. अनेक घरांतल्या बाथरूमच्या जाळीखालचा ट्रॅप, जिथे पाणी साचून राहतं आणि गटाराची हवा अडते, तो कोरडा पडला होता. एक्झॉस्ट पंख्याने सांडपाण्याच्या नळीतली दूषित हवा घरात ओढली, असा निष्कर्ष तपासात निघाला. आपल्या इमारतींतही वापरात नसलेलं बाथरूम किंवा बाल्कनीतली जाळी अशीच सुकते. आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओतायला काही खर्च येत नाही. वास आणि झुरळंही कमी होतात.

घरात रुग्ण असेल तर कमोडचं झाकण लावून फ्लश करावं, खिडकी उघडी ठेवावी आणि साबणाने हात धुवावेत. स्वतंत्र संडास असेल तर उत्तम. चाळीत किंवा वस्तीत सार्वजनिक संडास असेल, तर कडी-कोयंड्यापेक्षा तिथली कोंदट हवा आणि बाहेरची रांग जास्त धोक्याची. आत जाताना आणि रांगेत उभं राहताना मास्क लावा, गर्दीची वेळ टाळा. संडास धुताना ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसांना कोरोनाइतकाच छळतो.

शौचातल्या या अंशाचा एक फायदा मात्र झाला. सांडपाणी तपासून शहरात लाट येते आहे का, याचा अंदाज घेता येऊ लागला. २०२० मध्येच नेदरलँड्समध्ये आणि आपल्याकडे अहमदाबादच्या सांडपाण्यावर असं काम झालं.

आधी पाणी, मग बाकीचं

जुलाब-उलट्यांत माणूस विषाणूपेक्षा पाणी आणि मीठ कमी झाल्याने जास्त खचतो. त्यामुळे पहिलं औषध ओआरएस. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो जीव वाचवले. आतडं सुजलेलं असतानाही साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र आलं की आतडं ते शोषून घेतं आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत ओढलं जातं. सगळी करामत प्रमाणाची आहे, आणि घरोघरी चूक होते ती नेमकी तिथेच.

एक लिटरचं पाकीट फोडायचं, चमचाभर पावडर पेल्यात टाकायची आणि उरलेलं पाकीट रबर लावून फळीवर ठेवायचं, हे फार घरांत चालतं. असं करू नका. पाकिटावर किती पाण्यासाठी ते लिहिलेलं असतं : मोठं एक लिटरसाठी, लहान २०० मिलीलिटरसाठी. तेवढं उकळून गार केलेलं किंवा शुद्ध पाणी मोजून घ्या आणि पूर्ण पाकीट एकाच वेळी त्यात टाका. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं, लहान मुलांना ते घातक ठरू शकतं. पाणी जास्त झालं तर उपयोग उणावतो. वरून साखर, लिंबू, फळांचा रस घालू नका. झाकून ठेवा, २४ तासांत संपलं नाही तर ओतून द्या आणि नवं करा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीच्या पात्याने वरचा ढीग काढून टाकलेला.

दुकानात रंगीत खोक्यांत मिळणारी गोड पेयं ओआरएस नव्हेत. वर्षानुवर्षं त्यांच्या नावात ओआरएस ही अक्षरं मिरवत होती. २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचूनच घ्या. थंड पेयं आणि पाकीटबंद ज्यूस यांनी जुलाब वाढतात.

उलटी होत असेल तर पेला तोंडाला लावू नका. उलटीनंतर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक-एक चमचा द्या. कंटाळवाणं काम आहे, पण बहुतेकांच्या पोटात असं पाणी राहतं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलीलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलीलिटर. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. मुलांना जुलाबात १४ दिवस झिंक देतात. सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यानंतर २० मिलिग्रॅम. ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता सलाईनबद्दल. ‘डॉक्टर, दोन बाटल्या लावा, म्हणजे तरतरी येईल,’ हा आपल्याकडचा ठरलेला आग्रह. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे उष्मांकात जेमतेम एक पोळी. जो माणूस तोंडाने पिऊ शकतो आणि ज्याच्या पोटात पाणी राहतं, त्याला सलाईनची गरज नाही. उलट्या थांबतच नसतील, माणूस गुंगीत असेल, तर मात्र ते जीव वाचवतं.

पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवायची पद्धतही सोडा. भूक लागेल तसं थोडं थोडं खा. भाताची पेज, मुगाचं कढण, मऊ खिचडी, केळं, ताजं ताक, नाचणीची आंबील, उकडलेला बटाटा. सुजलेल्या आतड्याला काही दिवस दूध पचत नाही. गुबारा धरत असेल तर आठवडाभर दूध बाजूला ठेवून दही-ताकावर भागवा. तिखट, तळलेलं, कडक चहा-कॉफी नंतर. काहींची गेलेली चव आणि वासाची जाण परत येताना विकृत होऊन येते. कांदा-लसणाची फोडणी पडली की ओकारी येते, कॉफीला जळका वास येतो. अशा माणसाला स्वयंपाकघरापासून लांब बसवा आणि वाफाळतं वाढू नका. गार झालेल्या अन्नाला वास कमी येतो. दहीभात, गार पेज, शिंगाड्याची किंवा साबुदाण्याची गार लापशी चालून जाते.

औषधांची पिशवी

२०२०-२१ मध्ये रुग्ण दवाखान्यात यायचा तो प्लास्टिकची पिशवी घेऊन. ती टेबलावर उपडी केली की त्यातून ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सीसायक्लिन, आयव्हरमेक्टिन, झिंक, व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या, एखादं स्टेरॉइड आणि काढ्याची पुडी बाहेर पडायची. व्हॉट्सॲपवरून आलेली यादी अख्ख्या घराने मिळून घेतलेली. मग मळमळ, जळजळ, जुलाब नेमके कशाचे, कोरोनाचे की पिशवीचे? पुष्कळदा पिशवीचेच. झिंक उपाशीपोटी घेतलं तर मळमळतं. व्हिटॅमिन सी जास्त झालं तर जुलाब होतात. प्रतिजैविकांनी आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत रुग्णालयातल्या कोरोना रुग्णांना ॲझिथ्रोमायसिनचा काही फायदा झाला नाही. स्टेरॉइडने जीव वाचले ते ज्यांना ऑक्सिजन लागत होता त्यांचे. ज्यांना लागत नव्हता त्यांना त्याचा उपयोग दिसला नाही. घरी बसून स्टेरॉइड आणि सोबत ब्रुफेनसारखी वेदनाशामक गोळी घेणं म्हणजे जठराला व्रण आणि साखरेला भडका. तरीही प्रत्येक नव्या लाटेच्या बातमीबरोबर ती जुनी यादी पुन्हा फिरायला लागते.

काढ्याचंही तेच. आलं, मिरी, दालचिनी, लवंग घातलेला काढा दिवसातून तीन-चार वेळा रिकाम्या पोटी घेतल्यावर पित्त उसळणारच. गुळवेलीबद्दल एक गोष्ट माहीत असावी. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला सूज आल्याचं यकृततज्ज्ञांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पती नेमकी ओळखली गेली नसावी, असं त्यांचं म्हणणं. वाद तज्ज्ञांना घालू द्या. ज्याला आधीच यकृताचा विकार आहे, त्याने यात पडू नये, एवढं वाचकासाठी पुरे.

कोरोनात यकृताच्या चाचण्या, म्हणजे एसजीओटी-एसजीपीटी, थोड्या वाढतात आणि आजार उतरला की आपोआप खाली येतात. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घ्यायला हरकत नाही, पण सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. ६५० ची गोळी दिवसातून चारदा आणि वर सर्दीची गोळी, अशी मात्रा नकळत वाढते. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. लोपेरामाइडसारखी जुलाब थांबवणारी गोळी ताप असताना, शौचात रक्त असताना किंवा लहान मुलांना देऊ नये.

मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. मेटफॉर्मिनने जुलाब वाढतात. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असताना अंगातलं पाणी कमी झालं, तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. लघवी वाढवणाऱ्या आणि काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी अशा वेळी मूत्रपिंडावर ताण येतो. या गोळ्या चालू ठेवायच्या की दोन दिवस थांबवायच्या हे आपल्या डॉक्टरांना फोन करून त्याच दिवशी विचारा. इन्सुलिन मात्र मनाने बंद करू नका. ‘साखर आहे म्हणून ओआरएस नको’ हेही चूक आहे. डॉक्टरांना सांगून आणि साखर तपासत राहून मधुमेहीही ते घेऊ शकतात. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसची औषधं चालू असलेल्यांनीही परस्पर काही थांबवू नये.

कधी थांबायचं नाही

सहा-आठ तास लघवी नाही किंवा अगदी गडद, उभं राहिल्यावर चक्कर, जीभ कोरडी, बाळाचे डोळे खोल गेलेले आणि रडताना पाणी येत नाही. यातलं काही दिसलं तर रुग्णालय गाठा. म्हातारी माणसं तहान लागल्याचं सांगत नाहीत. त्यांच्या लघवीकडे आणि शुद्धीकडे लक्ष ठेवा.

दुसरी गोष्ट पोटदुखीची. कोरोनात रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते आणि क्वचित ती गुठळी आतड्याच्या रक्तवाहिनीत अडकते. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे असे रुग्ण आढळले. वेदना असह्य असतात, पण वरून दाबून पाहिलं तर पोट सुरुवातीला मऊच लागतं, म्हणून ‘गॅस झालाय’ म्हणून वेळ जातो. आतडं काळं पडायला काही तास पुरतात. अशी दुखणी ओव्याने शमत नसतात. ताबडतोब सीटी स्कॅन लागतो.

मुलांमध्ये कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी ताप, जोराची पोटदुखी, उलट्या-जुलाब, अंगावर पुरळ, लाल डोळे असा आजार क्वचित होतो. याला मिस-सी म्हणतात. पोट इतकं दुखतं की अपेंडिक्स वाटावं. महिन्याभरापूर्वी घरात कुणाला कोरोना झाला होता, हे मुलांच्या डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

आणि प्रत्येक जुलाब कोरोनाच्या खात्यावर टाकू नका. पावसाळ्यात टायफॉइड, कावीळ, कॉलरा आपल्याकडे असतातच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गीया-बारे अर्थात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि नंतर हातापायांतली ताकद गेली. दूषित पाणी आणि कॅम्पिलोबॅक्टर जीवाणू यांच्याकडे बोट गेलं. जुलाबानंतर पायांत मुंग्या, जिना चढता न येणं, गिळताना त्रास असं झालं तर दुसरा दिवस उजाडायची वाट पाहू नका.

कोरोनाची शंका असेल तर घरच्या किटने नाकाची चाचणी करा. निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करा. शौचाची चाचणी करायची गरज नाही.

बरं झाल्यावरही पोट कुरकुरतंय

ताप जाऊन महिना झाला तरी जेवल्याबरोबर संडासला धावावं लागतं, पोट फुगतं, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब. ही तक्रार खोटी नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात चार महिन्यांनंतरही १२.७ टक्के रुग्णांच्या शौचात विषाणूचा अंश मिळाला. सात महिन्यांनी तो ३.८ टक्क्यांत उरला होता. लखनौ आणि बांगलादेशातल्या डॉक्टरांनी मिळून कोरोना झालेल्यांचा सहा महिने पाठपुरावा केला, तेव्हा सुमारे पाच टक्क्यांना आयबीएस म्हणजे चिडखोर आतड्याचा विकार जडलेला होता. कोणत्याही जोराच्या पोटाच्या संसर्गानंतर हे होतं. बहुतेकांना काही महिन्यांत उतार पडतो. वेळेवर जेवण, चालणं, झोप, दूध आणि मैदा कमी करून पाहणं, इसबगोल. सुरुवात एवढ्यावर करावी. महागड्या प्रोबायोटिक कॅप्सूल महिनोन्‌महिने घेण्याइतका त्यांचा पुरावा पक्का नाही. वाटीभर ताजं दही खा.

मात्र वजन उतरत असेल, शौचात रक्त पडत असेल किंवा शौच काळं होत असेल, रात्री झोपेतून उठून संडासला जावं लागत असेल, हिमोग्लोबिन घसरलं असेल, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय नव्यानेच बदलली असेल, तर ‘कोरोनानंतरचं असेल’ म्हणून बसून राहू नका. पोटविकारतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांनी कोलोनोस्कोपी सांगितली तर ती करून घ्या.